पोनी, शिकार आणि हनुवटीखालचा पट्टा

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, इंग्लंडमधल्या अनेक गावांच्या चौकात सकाळी घोडेस्वार जमतात. लाल-काळे कोट, चकाकते बूट, घोड्यांच्या पायांतून हुंगत फिरणारी शिकारी कुत्री आणि बघ्यांची गर्दी. त्या उंच घोड्यांच्या मध्ये बुटक्या पोनींवर बसलेली मुलेही दिसतात, काही तर जेमतेम सहा-सात वर्षांची. एखाद्या पोनीची दोरी आईच्या हातात असते, एखादे मूल मात्र स्वतःच लगाम धरून बसलेले असते. थोड्या वेळाने कर्णा वाजतो आणि सगळा जमाव शेतांच्या दिशेने निघतो.

या मुलांना तिथे न्यावे का, न्यायचे तर कसे, आणि त्यांच्या डोक्यावर काय असावे, हा वाद तिथे जुना आहे. त्याचे मूळ शिकारीच्या घडणीतच आहे.

कोल्ह्याची शिकार आजच्या वेगाची झाली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. लेस्टरशायरमधल्या क्वॉर्न हंटचे (हंट म्हणजे शिकारी मंडळ) प्रमुख ह्यूगो मेनेल यांनी 1753 पासून जवळजवळ अर्धे शतक वेगवान कुत्र्यांची पैदास केली. कुत्री वेगवान झाली, म्हणून घोडेही तसेच हवे झाले. त्याच काळात संसदेच्या कायद्यांनी मोकळी गायराने बंदिस्त होत होती आणि शेतांभोवती काटेरी झुडपांची कुंपणे व चर उभे राहत होते. पूर्वी सरळ ओलांडता येणाऱ्या माळावर आता दर शेताला एक उडी आली. हे कुंपण उंच घोड्याला आणि पोनीला सारखेच असते. पोनी म्हणजे 148 सेंटीमीटरपर्यंत उंचीचे जनावर. शेटलंड जातीचे तट्टू तर फार तर 107 सेंटीमीटरचे. खेळ मोठ्यांच्या मापाने बेतला गेला आणि मुले त्यात मागाहून आली, एवढे लक्षात ठेवले तर पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

पोनीचा स्वभावही समजून घ्यायला हवा. घोडा कळपाचा प्राणी. रोजच्या रपेटीत शहाण्यासारखे दुडक्या चालीने जाणारे तट्टू पन्नास घोडे एकदम पळायला लागले की तेच राहत नाही. मान पुढे ताणून ते चौखूर उधळते, आणि पंचवीस किलोच्या मुलाच्या मनगटात त्याला आवरण्याची ताकद नसते. मांड कितीही पक्की असली तरी पुढच्या खड्ड्याचा अंदाज त्या मुलाला येत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे मोठ्या घोड्यांचे पुठ्ठेच असतात. म्हणून ‘फील्ड मास्टर’ची, म्हणजे मागून येणाऱ्या स्वारांच्या म्होरक्याची, शिस्त महत्त्वाची ठरली. त्याच्या पुढे कोणी जायचे नाही. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची आणि त्याच्या मालकाने कळपाच्या मागे राहायचे. मोठ्या घोड्याची लाथ बुटक्या पोनीवर बसलेल्या मुलाच्या मांडीपर्यंत, पोटापर्यंत पोहोचू शकते. लहानग्यांना शिकारीला नेताना सर्वांत आधी हीच फीत ओळखायला शिकवतात.

तरीही आईबाप मुलांना नेत राहिले, कारण जमीनदार घराण्यांत शिकार म्हणजे एक प्रकारची मुंजच होती. पहिल्या शिकारीनंतर मेलेल्या कोल्ह्याचे रक्त मुलाच्या गालाला फासायची रीत विसाव्या शतकातही पाळली जात होती. चालताही न येणाऱ्या बाळांसाठी वेताच्या टोपलीसारखे खोगीर असे. त्यातून उतरले की दोरीवरची पोनी, मग सुटा लगाम. पडल्याशिवाय स्वार घडत नाही, अशी तिथली पक्की समजूत. पडून रडले नाही तर कौतुक व्हायचे. डोके कशावर आपटले, याची चौकशी क्वचितच व्हायची. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकते ते हेच. त्या आईबापांचे मुलांवर प्रेम नव्हते असे नाही. पण धिटाई आणि सुरक्षितता यांचे वैर आहे, असे त्यांनी मानले होते.

सुरक्षिततेचा विचार आधी सुरू झाला तो बायकांच्या निमित्ताने. एका अंगाला दोन्ही पाय टाकून बसणाऱ्या स्त्रियांचे लांब झगे पडताना खोगिरात अडकायचे आणि घोडा त्यांना फरफटत न्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडताच खोगिरापासून सुटणारा अर्धा झगा आला, आणि अडकलेला पाय सोडणाऱ्या रिकिबीही आल्या. फरफटीचा धोका मुलांनाही तेवढाच, किंबहुना जास्त, कारण लहान पाऊल मोठ्या रिकिबीत आरपार घुसते. मुलांसाठी बाहेरच्या बाजूला लोखंडी दांडीऐवजी जाड रबरी कडे लावलेली रिकीब रूढ झाली. पाय अडकून ताण बसला की ते कडे निसटते आणि पाय मोकळा होतो. टाचेचे बूट घालायचे तेही याचसाठी.

दरम्यान शेतांत नवा शत्रू आला होता. 1874 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेली काटेरी तार पुढच्या काही दशकांत इंग्लंडच्या कुंपणांत शिरली. झुडपात लपलेली तार ना घोड्याला दिसते ना स्वाराला. हंटांनी वर्गण्या गोळा करून शिकारीच्या मोसमापुरती तार काढून घ्यायला सुरुवात केली. जिथे काढता येत नसे तिथे खुणा लावल्या.

डोक्याचा प्रश्न मात्र रेंगाळला, आणि त्याला पहिले उत्तर शर्यतीच्या मैदानाने दिले. 1923 ची ग्रँड नॅशनल ही उड्यांची प्रसिद्ध शर्यत जिंकणारे कॅप्टन बेनेट त्याच वर्षअखेरीस एका शर्यतीत पडले, डोक्याला मार बसला आणि जानेवारी 1924 मध्ये ते वारले. त्यानंतर उड्यांच्या शर्यतींत जॉकींना आतून कडक टोपी सक्तीची झाली. 1935 मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. लष्करातले मोटारसायकलस्वार डोक्याच्या इजेने कसे मरतात, याचा अभ्यास त्यांनी 1941 मध्ये प्रसिद्ध केला, आणि हेल्मेट जीव वाचवते हे वैद्यकीय आधाराने मांडले गेले. शिकारीच्या मैदानावर मात्र मखमली टोपी, गोल बोलर हॅट आणि उंच टॉप हॅट यांचेच राज्य चालू राहिले. मखमली टोपीत कडक कवच असे, पण ती अनेकदा पट्ट्याविना असायची, फार तर एक पातळ इलॅस्टिक. उडीच्या धक्क्याने ती आधी निघायची आणि डोके मागून जमिनीवर आदळायचे.

मुलांच्या बाजूने खरा बदल घडवला तो पोनी क्लबने. 1 नोव्हेंबर 1929 रोजी ‘इन्स्टिट्यूट ऑफ द हॉर्स’ या संस्थेची बालशाखा म्हणून हा क्लब सुरू झाला. मोटारी वाढत होत्या, घोडा घरोघरी राहिला नव्हता, आणि जनावर हाताळायचे ज्ञान मोतद्दाराकडून मुलांपर्यंत आपोआप पोहोचेल अशी परिस्थिती उरली नव्हती. क्लबच्या शाखा हंटांच्या हद्दींप्रमाणे आखल्या गेल्या आणि पुष्कळ शाखांना आजही हंटांचीच नावे आहेत. मुलांना शिकवताना क्लबने पुढे झुकून उडी घेण्याची बैठक स्वीकारली. ती इटालियन घोडदळातल्या फेडेरिको काप्रिली यांची देणगी. त्याआधी स्वार उडी मारताना मागे रेलत, लगाम ओढत, आणि घोड्याच्या तोंडाला हिसका बसून तोल जायचा. या मुलांच्या अंगात दिसणाऱ्या जोधपूर विजारी राजस्थानातून गेल्या, सर प्रताप सिंहांच्या पोलो चमूमार्फत, 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या सुमारास.

पुढे पट्टा असलेली, चाचणीत उतरलेली टोपी क्लबच्या सदस्यांना सक्तीची झाली. चाचण्याही बदलत गेल्या: आधी ब्रिटिश मानके, मग 1990 च्या दशकात युरोपीय मानक, आणि 2014 मध्ये तेही अपुरे ठरवून मागे घेतले गेले. म्हणजे काल सुरक्षित म्हणून विकत घेतलेली टोपी आज बाद. आईबापांना खर्च बसला, कुरकुर झाली. पण मुलाच्या कवटीच्या बाबतीत जुन्या मापावर अडून न बसणे मला योग्यच वाटते. मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तरी घोड्यावरून उतरवायचे, हा नियमही क्लबने रुजवला. पडताच परत खोगिरावर चढवायच्या जुन्या रीतीला त्याने छेद दिला.

कायदा आला तो 1990 मध्ये आणि लागू झाला 1992 मध्ये. चौदा वर्षांखालील मुलाला हेल्मेटशिवाय घोड्यावर रस्त्याने नेऊ दिले तर गुन्हा, आणि जबाबदार आईबाप, घोड्याचा मालक किंवा ज्याच्या ताब्यात घोडा असेल तो. पोनी, खेचर, गाढव सगळे त्यात आले. पगडी बांधलेल्या शीख मुलांना सूट आहे. पण ‘रस्ता’ या शब्दाची व्याख्या करताना पायवाट आणि घोडवाट वगळली गेली, आणि शेतांचा तर प्रश्नच नव्हता. भरधाव मोटारींच्या रस्त्यावर मुलाला वाचवणे हा हेतू रास्तच होता, आणि तो साधलाही. शिकारीतली उडी मात्र शेतात असते.

हंट ही गोष्ट इंग्रज जिथे गेले तिथे गेली. उटीला कोल्ह्यांच्या शिकारीची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. उटीजवळच्या वेलिंग्टन छावणीच्या लष्करी वर्तुळात तिचा वारसा टिकला. शिकार आपल्याकडे राहिली नाही, पण डोंगरी गावातले तट्टू आणि त्यावर बसलेले मूल हे चित्र आपल्याला परके नाही. माथेरानला मोटारींना मज्जाव असल्याने घोडा अजून रोजचा आहे. दोरी धरून धावणारा घोडेवाला ही तिथली खरी सुरक्षितता. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांच्या डोक्यावर मात्र उन्हाच्या टोपीखेरीज काही नव्हते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कुत्र्यांनी कोल्हा मारणे बंद झाले. ही बंदी 18 फेब्रुवारी 2005 पासून अमलात आहे. त्यानंतर ‘ट्रेल हंटिंग’ आले: आधी वासाचा माग ओढून ठेवायचा आणि कुत्री त्यावर सोडायची. माग कुठून जाईल हे आधी ठरत असल्याने मुलांसाठी उड्या टाळणारी वाट आखता येते. काही हंट सुट्टीत मुलांसाठी वेगळी, संथ फेरी ठेवतात. ती मला सर्वांत शहाणपणाची सोय वाटते. ट्रेलच्या आड खरीच शिकार चालते, हा विरोधकांचा आरोप कायम आहे. म्हणून मैदानात दोन्ही बाजूंचे लोक, कॅमेरे, गाड्या आणि आरडाओरडा असतो. 1993 मध्ये केंब्रिजशायरमध्ये विरोधासाठी आलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा हंटच्या गाडीखाली सापडून गेला. तो पोनीवर नव्हता, पण शिकारीच्या मैदानावरचे मूल तोही होताच.

स्कॉटलंडने 2023 मध्ये नियम आणखी आवळले, आणि 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ट्रेल हंटिंगवरही बंदीचे आश्वासन दिले. वाद अजून कोल्ह्याभोवतीच फिरतो आहे. मुलाच्या हेल्मेटचा कायदा 1990 मध्ये जिथे थांबला तिथेच आहे. डांबरी रस्त्यावर पट्टा लावणे सक्तीचे, आणि फाटक उघडून पोनी शेतात शिरली की तो लावायचा की नाही हे आईच्या, हंटच्या आणि पोनी क्लबच्या मर्जीवर.