फोनच्या तळाची तीन बटणं

आमच्या दुकानातून अँड्रॉइड फोन घेणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

"मागे जायचा बाण कुठे गेला?" नवा फोन घेऊन गेलेलं माणूस चार दिवसांत परत येतं ते बहुतेक वेळा हेच विचारायला. परवा एक आजी आल्या. काचेवर जिथे जुना त्रिकोण होता तिथेच अंगठा टेकवत होत्या आणि म्हणत होत्या, "फोन ऐकतच नाही माझं." फोन चांगला होता. त्यात तळाच्या तीन बटणांऐवजी (मागे जायचं, होम म्हणजे पहिल्या पानावर जायचं आणि उघडी ॲप्स दाखवायचं) बोट सरकवायची पद्धत चालू होती, एवढंच. त्याआधी एका दुकानात त्यांना स्क्रीन बदलायला सांगितलं होतं, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

२०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून ही सरकवायची पद्धत सर्रास दिसू लागली. कडेवरून आत बोट ओढलं की मागे, तळातून वर ओढलं की होम, वर ओढून क्षणभर थांबलं की उघडी असलेली ॲप्स. हात थरथरत असेल किंवा कव्हरची कड जाड असेल, तर हे जमत नाही. अशांनी बिनदिक्कत बटणं ठेवावीत, त्यात मागासलेपण काही नाही. सॅमसंगमध्ये 'सेटिंग्ज', मग 'डिस्प्ले', मग 'नेव्हिगेशन बार' उघडून 'बटन्स' निवडा. इतर फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'नेव्हिगेशन' लिहिलं की जागा सापडते.

कंपनी बदलली की मागे जायचं बटणही बाजू बदलतं. सॅमसंगमध्ये ते उजवीकडे असतं, मोटोरोला आणि पिक्सेलमध्ये डावीकडे. वर्षानुवर्षांची अंगठ्याची सवय आठवड्यात सुटत नाही. सॅमसंगमध्ये त्याच पानावर 'बटन ऑर्डर' मिळेल, तिथून बाजू बदलून घ्या. घरातल्या मुलांनाही एक विनंती: आजीआजोबांच्या फोनची मांडणी स्वतःच्या सोयीने बदलू नका.

मधलं, म्हणजे होमचं बटण दाबल्याने ॲप बंद होत नाही, ते फक्त पडद्याआड जातं. उघडी ॲप्स दाखवणारा चौकोन किंवा तीन उभ्या रेघा दाबून दर अर्ध्या तासाला 'क्लोज ऑल' करायचीही गरज नाही. मेमरी फोन स्वतः सांभाळतो, उलट तेच ॲप पुन्हा मुळापासून उघडायला बॅटरी जास्त लागते. एखादं ॲप अडकलं तर तेवढंच काढा. कीबोर्ड वर आला की मागे जायचं चिन्ह खाली वळलेलं दिसतं. तेव्हा ते दाबलं तर आधी फक्त कीबोर्ड मिटतो.

आता सर्वांत कळकळीची गोष्ट. यूपीआयने पैसे पाठवताना चक्र फिरत असेल, तर मागे जायचं बटण दाबू नका. एकदा पिन टाकला की मागे गेल्याने व्यवहार रद्द होत नाही, फक्त निकाल आपल्याला दिसत नाही. मग माणूस घाबरून पुन्हा पाठवतो आणि दोनदा पैसे जातात. चुकून दाबलं गेलंच, तर ॲपमधला व्यवहारांचा इतिहास बघा. तिथे 'पेंडिंग' असेल तर थांबा.

मांडणी बदलून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, फोन आमच्याकडून घेतलेला नसला तरी. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आलात तर शेजारी बसवून शिकवता येतं. फोनचा पिन मात्र आम्हाला सांगू नका, तो तुमच्याच हाताने टाका.