लोखंडाकडून प्लास्टिककडे : पुण्यातील घरगुती पाइप आणि ‘अर्ध्या इंचा’चा घोळ

पुण्यातील जुन्या सोसायट्यांमध्ये पाणी खेळवले ते जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांनी. बोअरवेल आणि टँकरच्या क्षारयुक्त पाण्याने ते आतून बुजत गेले, तेव्हा शेतीत आधीच रुळलेला यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप घरांत आला. गच्चीवर सौर बंब बसू लागल्यावर मात्र त्याची मर्यादा उघडी पडली, कारण पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपांचे भारतीय मानक ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यापुरते आहे. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी, म्हणजे जास्त क्लोरीन असलेला त्याचाच प्रकार, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला आणि त्याचे भारतीय मानक, आयएस १५७७८, २००७ मध्ये निघाले.

खरा गोंधळ मापांचा आहे. रविवार पेठेतील बोहरी आळीत ‘अर्धा इंची’ पाइप मागितला, तर तीन निरनिराळ्या जाडीचे पाइप समोर येऊ शकतात. शेड्यूल ८० या जाड भिंतीच्या यूपीव्हीसीने लोखंडी पाइपाचा बाह्य व्यास उचलला, म्हणून तो २१.३ मिलिमीटर भरतो. शेतीचा पाइप सरळ २० मिलिमीटरचा असतो. सीपीव्हीसीने तांब्याच्या नळीचे माप घेतले, म्हणून तो १५.९ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अर्धा इंच म्हणजे चार सूत, हे शाळकरी गणित यांपैकी एकाच्याही बाह्य व्यासाला लागू पडत नाही. शेतीचा पाइप शेड्यूल ८०च्या सॉकेटमध्ये ढिला बसतो आणि काही कारागीर ती फट पाइप जोडण्याच्या सोल्युशनने भरतात. पण सोल्युशन हा भरावाचा डिंक नव्हे, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, आणि पृष्ठभाग एकमेकांना टेकलेच नाहीत तर सांधा कधीतरी सुटतो.

नुकसान आतल्या बाजूचे अधिक आहे. अर्धा इंची जीआयचे भोक सुमारे १६ मिलिमीटर, तर अर्धा इंची सीपीव्हीसीचे सुमारे साडेबारा, म्हणजे पाण्याची वाट साधारण ६० टक्केच उरते. प्लास्टिक गुळगुळीत असल्याने काही भरपाई होते, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद खरा असला तरी तो पुरेसा नाही. नूतनीकरणात ‘अर्ध्याला अर्धा’ बदलणाऱ्या सदनिकांत शॉवरची धार बारीक झाली की दोष बहुधा गच्चीवरच्या टाकीला दिला जातो. पाऊण इंची सीपीव्हीसीचे भोक सुमारे १८ मिलिमीटर असल्याने जाणते प्लंबर आता मुख्य फाट्यांना तोच घालतात आणि फक्त नळाजवळ ब्रासच्या आट्यांचा अर्धा इंची एल्बो (काटकोनी जोड) लावतात.