मैना गावाला, शाहीर मुंबईत

'माझी मैना गावावर राहिली' आज गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या हळदीत, कुठंही ऐकू येतं. बहुतेकांना ते विरहाचं गाणं वाटतं, आणि ते तसं आहेच. पण शाहीर अण्णा भाऊ साठ्यांनी ही छक्कड, म्हणजे लावणीच्याच जातीचं गाणं, लिहिली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. ती नीट ऐकायची तर गिरणगावापासून, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीपासून, सुरुवात करावी लागते.

लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकण आणि घाटावरून माणसं आली, ती बहुतेक एकटी. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे, जेवायला खानावळ, बायकापोरं गावी. त्यामुळे छक्कडीतला नायक भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून निघतो आणि त्याची मैना त्याला वाटेला लावायला येते, हा प्रसंग ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात घडून गेलेला होता.

स्वतः अण्णा भाऊ याच वाटेनं आले. जन्म 1 ऑगस्ट 1920, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, मांग समाजात. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, कोळसे वेचले, गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांमध्ये वावरताना लेखणी हाती आली. त्यांचे साथीदार शाहीर अमर शेख मूळचे मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे; आई मुनेरबींच्या ओव्या ऐकत त्यांचा गळा घडला. हे दोघे आणि द. ना. गवाणकर, अशा तिघांनी 1944 मध्ये 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. अण्णा भाऊंचे शब्द आणि अमर शेखांचा पहाडी आवाज. कामगार मैदानातल्या सभेत भाषणाआधी डफ वाजायचा आणि गर्दी जागेवर बसायची.

अण्णा भाऊंनी तमाशातला गण, म्हणजे सुरुवातीचं नमन, ठेवला, पण त्यात गणपतीऐवजी मातृभूमीला, कष्टकऱ्याला वंदन आणलं. लावणीचंही तसंच. जुने लावणीकार पठ्ठे बापूराव यांच्या 'मुंबईची लावणी'त शहराचा थाट आहे. अण्णा भाऊंनी त्याच नावाची लावणी रचून एकीकडे मलबार हिल आणि दुसरीकडे परळ ठेवलं. जुना साचा मोडायचा नाही, त्यात आपल्या माणसाचं जगणं ओतायचं, ही त्यांची रीत होती आणि मला तीच त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते. लोकांना चाल आधीच ठाऊक असायची, त्यामुळे नवा विचार परका वाटत नसे.

मग आला 1955 चा ऑक्टोबर. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानं मराठी भाषकांचं एक राज्य नाकारलं. 21 नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. 16 जानेवारी 1956 ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नेहरूंनी केली आणि गिरणगाव पेटलं. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी व्यासपीठावर, आणि त्यांच्या आधी शाहीर. आत्माराम पाटील, शाहीर साबळे, अमर शेख, गवाणकर हे सगळे त्या काळात गावोगाव फिरत होते.

याच दिवसांत मैना गाजली. छक्कडीचा पहिला भाग मैनेच्या रूपगुणांचा, मग मुंबईतली बेकारी आणि कष्ट, आणि मग एकदम वळण: मैनेची भेट नाही, तीच गत खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं येतात. ही गावं तोवर मुंबई राज्यातच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला ती म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. एकभाषिक राज्य का हवं, हे सभेतल्या माणसाला वेगळं समजवावं लागलं नाही. घरच्या माणसापासून तुटणं म्हणजे काय, हे त्याला रोज रात्री खोलीत कळत होतं.

1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, 106 हुतात्म्यांचं रक्त सांडल्यावर. डांग जिल्हा गुजरातेत गेला, बेळगाव-कारवार-निपाणी कर्नाटकातच राहिली. अण्णा भाऊ 18 जुलै 1969 ला गेले आणि सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख. आज मैना गाणारे अनेकजण पहिल्या भागावरच थांबतात. शेवटच्या कडव्यात आलेल्या बेळगाववरचा महाराष्ट्राचा दावा मात्र सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून चालूच आहे.