एकाच नाकपुडीत मांस वाढतं तेव्हा

नाकात मांस वाढलंय म्हणून दाखवायला येणाऱ्या बहुतेकांना साधे पॉलिप असतात. ते फिकट, मऊ आणि सहसा दोन्ही नाकपुड्यांत असतात. त्यांचा कर्करोग होईल ही भीती बाळगायचं कारण नाही. वाढ एकाच बाजूला असेल तर मात्र तपासणी लांबवू नये, कारण ती इन्व्हर्टेड पॅपिलोमाची गाठ असू शकते. ही गाठ साधी खरी, पण पुरती भरवशाची नव्हे.

ती बहुधा पन्नाशी-साठीत दिसते, पुरुषांत जास्त, आणि नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, गालातल्या सायनसच्या तोंडापाशी उगवते. तिच्या पेशींचे थर पृष्ठभागावर वाढण्याऐवजी उलटे, खालच्या ऊतींत शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली खोलवर गेलेले हे पुंजके नवख्याला कर्करोगच वाटावेत. पण प्रत्येक पुंजक्याभोवतीचं पातळ आधारपटल शाबूत असतं. पेशी ते भेदून बाहेर पडल्या, की तो कर्करोग.

साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांत हे घडतं. बहुतेकदा कर्करोग पहिल्याच गाठीत दडलेला सापडतो. गाठ काढल्यावर काही वर्षांनी होणारे त्यामानाने कमी.

असं का होतं, याचा मोठा धागा २०१५ मध्ये हाती लागला. यातल्या बहुसंख्य गाठींत ईजीएफआर जनुक बिघडलेलं असतं. हे जनुक पेशीवर वाढीचा निरोप घेणारं प्रथिन बनवतं. बिघाडानंतर निरोप नसतानाही विभाजन चालूच राहतं. नेमका तोच बिघाड शेजारच्या कर्करोगातही सापडतो, म्हणजे दोन्ही एकाच पेशीवंशातले. तरी एवढ्याने भागत नाही. पेशीला आवर घालणारी टीपी५३ आणि सीडीकेएन२ए ही जनुकंही निकामी झाली, की गाठ बिथरते. नाकाच्या मधल्या पडद्यावर बाहेरच्या बाजूने वाढणाऱ्या पॅपिलोमाचं मूळ वेगळं: तिथे एचपीव्ही विषाणूचे ६ आणि ११ हे प्रकार आढळतात, आणि कर्करोग क्वचितच होतो.

तपासणीत क्रम महत्त्वाचा. आधी स्कॅन, मग बायोप्सी. कारण नाकात लोंबणारी गोष्ट कधी कधी मेंदूचं खाली उतरलेलं आवरण निघते, आणि तिला चिमटा लावणं महागात पडतं. गाठीचं मूळ जिथे असतं तिथलं हाड सीटी स्कॅनमध्ये जाड दिसतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी दिसते. ती एखाद्या ठिकाणी पुसट झाली असेल तर तुकडा तिथूनच घ्यावा. एका तुकड्याचा ‘कर्करोग नाही’ असा अहवाल संपूर्ण गाठीला लागू होत नाही.

औषधाने ही गाठ जात नाही. नुसती ओढून काढली तर मूळ मागे राहतं आणि ती परत येते. म्हणून दुर्बिणीतून मुळापर्यंत पोचून तिथलं आवरण सोलतात आणि खालचं हाड ड्रिलने घासतात. शोषण-यंत्राने ओढला गेलेला चुराही जाळीत गोळा करून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा असतो. कर्करोगाचा ठिपका नेमका त्यातही असू शकतो.

पुढे काही वर्षं दुर्बिणीने तपासणी चालू ठेवावी लागते, कारण गाठ उशिराही परत येते. नाकातून रक्तमिश्रित पाणी, गाल बधिर होणं, वरचे दात हलणं किंवा एकाचे दोन दिसणं सुरू झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावं.