हिरव्या दिव्यांची साखळी: सिग्नलांच्या समन्वयाची पार्श्वभूमी

१९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेवर चालणारा सिग्नल बसवला गेला, तेव्हा विचार एकाच चौकाचा होता. पुढे एकाच रस्त्यावर सिग्नलांची संख्या वाढली आणि एका दिव्यावरून सुटलेली वाहने पुढच्या दिव्यावर पुन्हा अडू लागली. यावर उपाय म्हणून सॉल्ट लेक सिटीत १९१७ मध्ये सहा चौकांचे सिग्नल एकाच ठिकाणाहून हाताने चालवले जाऊ लागले, तर १९२२ मध्ये ह्यूस्टनने बारा चौक स्वयंचलित यंत्रणेने जोडले. मात्र सगळे दिवे एकाच वेळी हिरवे करण्यात एक गोम होती: जास्तीत जास्त चौक एका दमात ओलांडण्यासाठी चालक वेग वाढवत आणि लाल दिवा लागताच सगळा रस्ता एकदम थांबत असे.

त्यामुळे पुढचा दिवा वाहने तिथे पोहोचण्याच्या बेताला हिरवा करण्याची, म्हणजेच ‘हिरव्या लाटे’ची, पद्धत पुढे आली. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १० मीटर अंतर कापते. त्यामुळे ३०० मीटरवरचा सिग्नल ३० सेकंदांनी उशिरा हिरवा झाला, तर वाहनांना थांबावे लागत नाही. समोरून येणाऱ्यांसाठी मात्र हेच गणित उलटते, कारण त्यांना तोच सिग्नल ३० सेकंद आधी हिरवा हवा असतो. सिग्नलचे एक आवर्तन, म्हणजे एकदा हिरवा झाल्यापासून पुन्हा हिरवा होईपर्यंतचा काळ, १०० सेकंदांचे असेल आणि चौक नेमके ५०० मीटरवर असतील, तर याच वेगाला लागणारे ५० सेकंद म्हणजे अर्धे आवर्तन ठरते आणि दोन्ही बाजूंचे जमते. पण चौकांमधली अंतरे असे हिशेब पाहून ठरलेली नसतात. माझ्या मते या विषयाची खरी अडचण यंत्रांपेक्षा या भूमितीतच आहे.

ब्रिटनमध्ये वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये आवर्तनाचा योग्य कालावधी काढण्याचे सूत्र मांडले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत जॉन लिटल यांनी दोन्ही दिशांच्या हिरव्या पट्ट्यांची, म्हणजे न थांबता सगळे चौक ओलांडता येतील अशा कालावधीची, रुंदी वाढवण्याचा प्रश्न गणिती पद्धतीने सोडवला. दरम्यान १९६० च्या दशकात टोरांटोने सिग्नल संगणकाच्या हाती दिले होते. तरीही बहुतेक ठिकाणची वेळापत्रके आधीच्या मोजणीवर बेतलेली असत आणि वाहतूक बदलली की शिळी होत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७० च्या दशकात सिडनीत ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्कूट’ या प्रणाली विकसित झाल्या. रस्त्याखालच्या तारेच्या वेटोळ्यांवरून जाणारी वाहने टिपून या प्रणाली सिग्नलांच्या वेळा सतत बदलतात; ‘स्कूट’ तर एकेका बदलात मोजक्या सेकंदांपलीकडे जात नाही, कारण मोठा फेरफार केला तर चालू लाटच तुटते. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिंपिकच्या वेळी सुरू केलेली यंत्रणा २०१३ पर्यंत शहरातील सुमारे ४,४०० सिग्नलांपर्यंत नेली.

रस्ता ओसंडून वाहू लागला की मात्र हा क्रम बदलावा लागतो. पुढच्या चौकात आधीच रांग उभी असेल, तर ती हलावी म्हणून तिथला दिवा मागच्या वाहनांच्या आगमनापूर्वीच हिरवा करावा लागतो, आणि रांग फारच लांबली तर मागच्या चौकाच्याही आधी.