कर्क्युमिन पोटात जातं, रक्तात का नाही?

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीची प्रत सांगताना तिला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन किती, हे आता हमखास विचारलं जातं. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा: खाल्लेल्यातलं अंगी किती लागतं? फारच थोडं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यात सगळा कारभार पाण्याचा. तेलात मात्र ते उतरतं, म्हणून हळद फोडणीत टाकायची आपली रीत योग्यच आहे.

पण ताकातून, सरबतातून द्यायचं तर? कर्क्युमिन तेलात विरघळवून त्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरवावे लागतात. यालाच इमल्शन म्हणतात. अडचण अशी, की थेंब एकमेकांत मिसळतात आणि वर तवंग येतो.

यावरची एक युक्ती बरीच जुनी आहे. तिचं अमेरिकन पेटंट १९५३ चं. साधा स्टार्च तेलाला जवळ करत नाही. त्याच्यावर ऑक्टेनिल सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइडची प्रक्रिया केली, की त्याला तेलाची ओढ असलेल्या बारीक शेपट्या फुटतात. शंभर ग्लुकोज घटकांमागे जेमतेम दोन, पण तेवढ्या पुरतात. खाण्याच्या स्टार्चसाठी हे रसायन स्टार्चच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच वापरता येतं. शेपट्या तेलाच्या थेंबात रुततात, बाकीचा रेणू बाहेर पाण्यात पसरतो. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिन या घटकाचा हा रेणू बाभळीसारखा फांद्याफांद्यांचा असल्याने दोन थेंब जवळ आले तरी भिडत नाहीत. दुधातली प्रथिनंही थेंब सांभाळतात, पण आंबट लागलं की दूध फाटतं. स्टार्चचं कवच आंबटात आणि मिठात चांगलं टिकतं.

पुढे लहान आतड्यात अमायलेज हे पाचक विकर कवच तोडतं, लायपेज हे दुसरं विकर तेल पचवतं, आणि पित्तक्षारांच्या सूक्ष्म कणांत बसून कर्क्युमिन आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतं.

तरीही यकृत त्याचं रूप झटपट बदलतं, तिथे स्टार्चचा इलाज चालत नाही. शिवाय जास्त शोषलं जाणारं सगळंच हिताचं नसतं: कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हे तंत्र औषधाच्या जाहिरातीपेक्षा रोजच्या अन्नात, बेताच्या मात्रेत यावं असं मला मनापासून वाटतं.

या कामी सहसा चिकट (वॅक्सी) जातीच्या मक्याचा स्टार्च वापरतात. ज्वारीच्या दाण्यातही साधारण ७० टक्के स्टार्चच असतो. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडली की बुरशीने काळी पडते आणि तिचा भाव कोसळतो. अशा दाण्यातूनही स्टार्च निघू शकतो. मात्र तो खाण्यात वापरायचा, तर बुरशीच्या विषाची तपासणी आधी व्हायला हवी.