सिएटलचे दोन हंगाम: १९१७ चा चषक आणि १९१९ ची अपुरी मालिका

सिएटल मेट्रोपॉलिटन्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाने स्टॅन्ली चषकाच्या, म्हणजे आइस हॉकीतल्या सर्वोच्च चषकाच्या, अंतिम मालिकेत कॅनडाच्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सशी दोनदा गाठ घेतली, एकदा १९१७ मध्ये आणि पुन्हा १९१९ मध्ये. दोन्ही वेळा मार्च महिना होता, मालिका पाच सामन्यांची ठरली होती आणि सगळे सामने सिएटलमध्येच झाले. प्रशिक्षक पीट मुल्डून तोच, पुढच्या फळीतला फ्रँक फॉयस्टन तोच आणि समोर मॉन्ट्रियलचे न्यूजी लालोंद व गोलरक्षक जॉर्ज वेझिना हेही तेच. त्यामुळे हे दोन हंगाम वाचकांच्या मनात एकमेकांत मिसळतात, आणि कधी सिएटलने १९१९ चा चषक जिंकल्याचे, तर कधी १९१७ ची मालिका तापाच्या साथीने थांबल्याचे लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात १९१७ मध्ये सिएटलने चषक निर्विवाद जिंकला आणि १९१९ मध्ये तो कोणालाच मिळाला नाही.

ठिकाण सारखे असण्यात योगायोग फारसा नाही. अंतिम मालिका पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या लीगच्या विजेत्यांत होई, आणि दोन किनाऱ्यांमधला रेल्वेप्रवास कित्येक दिवसांचा असल्याने ती आलटून पालटून एका वर्षी पूर्वेकडे आणि एका वर्षी पश्चिमेकडे होत असे. विषम वर्षे पश्चिमेच्या वाट्याला आली, त्यामुळे १९१५ ची मालिका व्हँकुव्हरमध्ये झाली आणि १९१७ व १९१९ च्या मालिका सिएटलकडे आल्या.

अंतिम मालिकेपर्यंतची वाट मात्र दोन्ही हंगामांत अगदी निराळी होती. लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंनी उभारलेल्या पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन या पश्चिमेकडच्या लीगमध्ये १९१६-१७ साली सिएटल, व्हँकुव्हर, पोर्टलंड आणि स्पोकेन असे चार संघ होते, आणि साखळीत जो पहिला तोच विजेता, असा सरळ हिशेब होता. सिएटलने २४ पैकी १६ सामने जिंकून पहिला क्रमांक मिळवला आणि थेट अंतिम मालिकेत प्रवेश केला. संघ स्थापन होऊन तेव्हा दोनच हंगाम झाले होते. १९१५ मध्ये टोरांटो ब्लूशर्ट्सचे पाच खेळाडू ओढून आणून त्याची उभारणी झाली होती, आणि टोरांटोकरांना ते आवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९१७-१८ च्या हंगामापासून लीगने पहिल्या दोन संघांत निर्णायक फेरी सुरू केली. १९१८ मध्ये सिएटल साखळीत पहिले येऊनही त्या फेरीत व्हँकुव्हरकडून हरले. १९१८-१९ मध्ये संघ तीनच उरले होते, २० सामन्यांअखेर व्हँकुव्हर पहिले आणि सिएटल एका विजयाने मागे होते, पण निर्णायक फेरीत एकूण गोलांच्या बळावर सिएटलने बाजी मारली. म्हणजे १९१७ चा सिएटल संघ साखळीचा अव्वल विजेता होता, तर १९१९ चा संघ दुसऱ्या क्रमांकावरून वर आलेला होता.

प्रतिस्पर्धी कॅनेडियन्सही नावापुरतेच तेच होते. १९१७ मध्ये ते पूर्वेकडच्या नॅशनल हॉकी असोसिएशनचे विजेते आणि आदल्या वर्षीचे चषकधारक म्हणून आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली, आणि १९१९ मध्ये ते या नव्या लीगचे विजेते म्हणून आले. सिएटलचा १९१७ चा विजय हा चषक जिंकणाऱ्या पहिल्या अमेरिकी संघाचा विजय होता, आणि तेव्हा नॅशनल हॉकी लीग अस्तित्वातही नव्हती, हे विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

नियमांचा भाग जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. पश्चिमेकडे संघात सात खेळाडू असत. सातवा ‘रोव्हर’ ठरलेल्या जागेला न बांधता चढाई आणि बचाव यांच्या मधे फिरत असे. पूर्वेकडे सहाच खेळाडू खेळत. शिवाय मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पक (खेळाची रबरी चकती) पुढे असलेल्या साथीदाराकडे ढकलण्याची मुभा पश्चिमेने आधीच दिली होती, जी १९१७ मध्ये पूर्वेकडे नव्हती. म्हणून त्या मालिकेत एका सामन्यापुरते एका लीगचे नियम आणि पुढच्या सामन्याला दुसऱ्याचे, अशी तडजोड झाली होती. १९१९ मध्येही दोन्हींकडचे नियम आलटून पालटून लागू झाले, पण १९१८-१९ च्या हंगामात नॅशनल हॉकी लीगनेही मैदानाचे तीन पट्टे पाडणाऱ्या निळ्या रेषा आखून मधल्या पट्ट्यात पुढे पास देण्यास परवानगी दिली असल्याने अंतर आता मुख्यतः त्या सातव्या खेळाडूपुरते उरले होते.

आता आकडे. १९१७ च्या पहिल्या सामन्यात मॉन्ट्रियलने सिएटलला ८-४ असे हरवले. नंतर सिएटलने ६-१, ४-१ आणि २६ मार्च रोजी ९-१ असे तीन सामने ओळीने जिंकले. मालिकेतील गोल सिएटलचे २३ आणि मॉन्ट्रियलचे ११. त्या २३ पैकी १४ एकट्या बर्नी मॉरिसचे होते, आणि शेवटच्या सामन्यात त्याने सहा केले. १९१९ मध्ये सिएटलने ७-० ने सुरुवात केली, दुसरा सामना ४-२ असा गमावला, तिसरा ७-२ असा जिंकला, चौथा जादा वेळेनंतरही ०-० बरोबरीत सुटला, आणि पाचव्यात ३-० अशी आघाडी असताना मॉन्ट्रियलने बरोबरी साधून जादा वेळेत ४-३ असा विजय मिळवला. बेरीज सिएटलची १९, मॉन्ट्रियलची १०. दोन्ही बेरजा जवळपास एकाच प्रमाणात आहेत, आणि इथेच फसगत होते. सिएटलचे १४ गोल दोनच सामन्यांत झाले होते. पुढच्या दोन सामन्यांत मिळून फक्त तीन. म्हणून १९१९ चा चषक ‘जवळजवळ सिएटलचाच होता’ हे पुष्कळांचे मत मला पटत नाही. मालिका २-२ अशी बरोबरीत होती, आणि शेवटचे दोन सामने पाहता सिएटलचा जोर ओसरत चालला होता.

त्यामागे एक मोठे कारण होते ते मॉरिसची गैरहजेरी. १९१७ चा हा नायक १९१९ च्या अंतिम मालिकेत नव्हताच. अमेरिकेतील सक्तीची लष्करी भरती चुकवल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती आणि पुढे त्याची रवानगी अल्काट्राझच्या लष्करी तुरुंगात झाली. फॉयस्टनने पाच सामन्यांत नऊ गोल करून ती पोकळी बरीच भरली. गोलरक्षक हॅप होम्सची गोष्ट मजेशीर आहे: मधल्या वर्षी तो टोरांटोकडून खेळून तिथेही चषक जिंकून आला होता. मात्र राखीव खेळाडू मोजकेच असल्याने बहुतेकांना पूर्ण साठ मिनिटे आणि वर जादा वेळ बर्फावर काढावी लागत होती.

चौथा सामना बरोबरीत सुटल्याने लागणारा सहावा, निर्णायक सामना १ एप्रिल १९१९ रोजी ठरला होता. तोवर मॉन्ट्रियलचे लालोंद, बचावपटू जो हॉल आणि आणखी काही खेळाडूंसह त्यांचा व्यवस्थापक जॉर्ज केनेडी इन्फ्लुएन्झाने अंथरुणाला खिळले होते. ज्या साथीला महाराष्ट्रात लोक मानमोडी म्हणत, तिचीच ही लाट होती. केनेडीने पश्चिमेच्या लीगमधल्या व्हिक्टोरिया संघाचे खेळाडू उसने घेऊन सामना खेळण्याचा प्रस्ताव मांडला, तो मान्य झाला नाही. मग त्याने सामना सोडून देऊन चषक सिएटलला देण्याची तयारी दाखवली, पण प्रतिस्पर्धी आजारी असताना असा चषक घ्यायला मुल्डूनने नकार दिला. सामना सुरू होण्यास काही तास उरले असताना तो रद्द झाला. चारच दिवसांनी, ५ एप्रिलला, जो हॉल सिएटलमध्येच न्यूमोनियाने मरण पावला. राकट खेळामुळे ‘बॅड जो’ म्हणून ओळखला जाणारा हा बचावपटू १९१७ च्या मालिकेत नव्हता, कारण तेव्हा तो क्वेबेककडून खेळत होता. एखाद्या वर्णनात हॉलचे नाव दिसले की ती १९१९ ची मालिका आहे असे खुशाल समजावे.

केनेडीही त्या आजारातून पूर्ण सावरला नाही आणि १९२१ मध्ये वारला. मेट्रोपॉलिटन्स १९२० मध्ये पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचले, तिथे ओटावाकडून ३-२ असे हरले, आणि १९२४ मध्ये संघ बंद झाला. १९१९ सालासाठी चषकावर १९४८ मध्ये दोन्ही संघांची नावे आणि मालिका पूर्ण झाली नाही अशी नोंद कोरण्यात आली. सिएटलच्या आजच्या क्रॅकन संघाने २०२१ मध्ये आपल्या मैदानात मेट्रोपॉलिटन्सच्या स्मरणार्थ जो ध्वज उंचावला, तो १९१७ सालचा आहे.